दौत, कलमदान आणि नोंदवही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मांडलेल्या जुन्या लेखनसाहित्याच्या प्रदर्शनाच्या प्रारंभी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वहीबरोबर दौत आणि लेखणी यांचीही पूजा होते. पूजाविधीत दौतीला महाकालीचे आणि लेखणीला सरस्वतीचे रूप मानले आहे. दसऱ्याला मुले पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात आणि तिला हळदकुंकू, फूल वाहतात. लिहिण्याच्या साधनाला देवत्व देणारा हा समाज आहे. तरी पूजा आटोपल्यावर या साधनांचे पुढे काय होते, हे पाहिले तर मन खिन्न होते. दौत अडगळीच्या खोलीत जाते, तिथून एखाद्या आवराआवरीत तांब्यापितळेच्या मोडीत जाते. आजोबांचे उतरत्या फळीचे मेज जळणात जाते. त्या मेजाच्या खणातले कागद रद्दीत जातात. देवाची मूर्ती कुणी वजनावर विकत नाही. पण ज्या साधनावर घराण्याचा चारपाच पिढ्यांचा हिशेब, पत्रव्यवहार आणि विद्याभ्यास झाला, ते किलोच्या भावाने जाते. म्हणून जुनी मेजे, दौती, कलमदाने आणि लेखनाशी निगडित इतर चिजा गोळा करणारी माणसे समाजाला हवी असतात. त्यांचा छंद वरवर पाहता हौसेचा असला, तरी त्यामागे एक जबाबदारी असते. त्या जबाबदारीचा विचार करण्यास आजच्याइतका योग्य प्रसंग दुसरा नाही.

प्रथम या साधनांची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. एकेकाळी मुलाच्या हाताखाली पहिल्याने येई ती धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवीत; ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच आला. हात बसल्यावर बोरू येई. बोरू म्हणजे बरूच्या पोकळ काडीला चाकूने तिरका छेद देऊन केलेली लेखणी. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात खलून काळी शाई होई. हिरडा आणि हिराकस यांच्या मिश्रणाचीही शाई करीत. शाई ठेवण्याची दौत. दौत, लेखण्या आणि चाकू एकत्र राहतील असे कलमदान. ओली अक्षरे सुकवण्यासाठी वाळूची डबी. रेघा आखण्यास रूळ. पत्र बंद करण्यास लाख. आणि शेवटी शिक्का व मोर्तब. लिहून झालेले कागद रुमालात बांधून ठेवीत. पुण्यातल्या पेशवे दफ्तरातील कागद अशा हजारो रुमालांत बांधलेले आहेत.

या साधनांपैकी बरीच नाहीशी झाली, तरी त्यांचे शब्द मराठीने सोडले नाहीत. एखाद्या निर्णयावर आजही ‘शिक्कामोर्तब’ होते. कागदांचा गठ्ठा आणि तो ठेवण्याची जागा म्हणजे ‘दफ्तर’. तोच शब्द ‘दप्तर’ होऊन आज मुलांच्या पाठीवर बसला आहे. ‘दौत’ आणि ‘कलम’ हे शब्द अरबीतून, ‘शाई’ फारसी ‘सियाही’वरून, तर ‘लेखणी’ संस्कृतातून आली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. त्यातील दहा वर्गांपैकी एक संपूर्ण वर्ग लेखनाचा आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर कसे असावे हे सांगून समर्थ थांबत नाहीत. बोरू कसे निवडावेत, शाई कशी ठेवावी, ग्रंथ सुरक्षित राहावा म्हणून बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलपे कशी बाळगावीत, इथपर्यंत ते येतात. लिहिण्याइतकीच लिहिलेले जपण्याची काळजी सतराव्या शतकातल्या एका संताला होती, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

पुढे साधने बदलली. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचा जगभर प्रसार झाला आणि बोरूच्या जागी टाक आला. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमन यांनी फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा स्वदेशी उद्योग सुरू केला आणि त्यांची ‘कॅमल’ शाई पुढे घरोघरी पोहोचली. १९३८ मध्ये हंगेरीच्या बिरो यांच्या बॉलपेनाला पेटंट मिळाले. १९५५ मध्ये गोदरेजचे भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र निघाले. आता तेही कचेऱ्यांतून गेले. बोरूला शतकानुशतके आयुष्य लाभले. टंकलेखन यंत्राचे भारतीय आयुष्य एका माणसाच्या आयुष्याएवढेही भरले नाही. बदल जितका जलद, तितके जपण्याचे काम तातडीचे.

हे काम एक सामान्य माणूस किती मोठे करू शकतो, याचे मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. उदरनिर्वाहासाठी त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. संस्थानिकाचा खजिना किंवा सरकारी अनुदान त्यांच्या पाठीशी नव्हते. साधारण १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा ध्यास लागला. त्या काळी जुन्या वस्तू म्हणजे तलवारी, नाणी आणि ताम्रपट, अशी समजूत होती. केळकरांची दृष्टी मात्र स्वयंपाकघरात, माजघरात आणि ओसरीवर गेली. अडकित्ते, पानाचे डबे, दिवे, कुलपे, गंजिफा, कंगवे, वाद्ये, कोरीव दारे, दौती आणि कलमदाने त्यांनी जमवली. वस्तू करणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, वापरणाऱ्याचे नाव इतिहासात नाही. पण कारागिराने अडकित्त्याला मोराचा आकार दिला आणि दौतीवर वेलबुट्टी काढली. रोजच्या वापराची वस्तू सुंदर असावी असे वाटणाऱ्या अनामिक माणसांचा तो इतिहास होता, आणि तो दुसरे कोणी लिहीत नव्हते.

केळकरांच्या घरावर मोठा आघात झाला. त्यांचा मुलगा राजा अवघ्या सातव्या वर्षी गेला. पित्याने आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात पहिला शब्द त्या मुलाचा आहे, पदवी नव्हे. पुष्कळांना हे ठाऊक नसते. पुढची अनेक दशके पत्नी कमलाबाईंच्या साथीने केळकर गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडले. १९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५,००० वस्तू झाल्या. १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले. १९७५ मध्ये त्यांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. आज तेथील वस्तूंची संख्या २०,००० च्या वर आहे आणि त्यांपैकी सुमारे २,५०० प्रेक्षकांसमोर मांडलेल्या असतात. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. १९९० मध्ये केळकर गेले.

केळकरांच्या जीवनातून घेण्याजोग्या गोष्टी दोन. एक, त्यांनी महागडी वस्तू शोधली नाही. जी सर्वांच्या घरी होती आणि म्हणूनच जिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, ती शोधली. दुसरी, जे आयुष्यभर जमवले ते त्यांनी आपल्या मालकीचे ठेवले नाही. संग्राहकाच्या मागे संग्रह फुटतो, वाटण्या होतात, वस्तू बाजारात परततात. हा या छंदाचा नेहमीचा शेवट. तो टळावा म्हणून केळकरांनी हयातीतच व्यवस्था केली.

वस्तूंइतकेच कागद जमवणारे तपस्वीही मराठीत होऊन गेले, आणि त्यांतील एक शिक्षक होते. वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४) मिरजेच्या शाळेत शिकवीत. मिरजेत पटवर्धन सरदारांचे दफ्तर होते. शाळेचे काम सांभाळून खरेशास्त्रींनी ते मोडी कागद वाचले, निवडले, बालबोधीत उतरवले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडांमागून खंड छापले. त्या कागदांत टिपूवरील १७९१-९२ च्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांनी श्रीरंगपट्टणापर्यंत केलेल्या हालचालीही आहेत. म्हणजे आजच्या कर्नाटकाचा इतिहास मिरजेतील एका शिक्षकाच्या चिकाटीमुळे अंशतः वाचला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली. त्याचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण २२ खंड झाले. हे कागद सापडले ते माळ्यावर, तळघरात आणि पेट्यांत. पेटी टिकली म्हणून कागद टिकले.

आता एक प्रश्न सहज मनात येईल. दौत ही दौत आणि मेज ते मेज. मग एक दौत संग्रहालयाच्या काचेमागे जाते आणि दुसरी मोडीत, हे कशावरून ठरते? धातूच्या किमतीवरून नाही, नक्षीवरूनही पूर्णपणे नाही. ते ठरते वस्तूबरोबर तिची माहिती आली की नाही, यावरून.

पुण्याच्या केसरीवाड्यात लोकमान्य टिळकांचे लिहिण्याचे मेज जपले आहे. बनावटीने ते त्या काळच्या इतर मेजांसारखेच. टिळक त्यावर लिहीत, एवढे ज्ञात असल्यामुळे त्याच्यापुढे माणसे हात जोडतात. त्याच टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले ते पेन्सिलीने. कोणत्या साधनाने लिहिले हा तपशील आज क्षुल्लक वाटत नाही. एकांतवास, बंधने आणि लेखकाचा निग्रह त्या एका पेन्सिलीत दिसतो.

परदेशातले एक उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये थॉमस जेफरसन यांनी एका लहानशा प्रवासी लेखनपेटीवर लिहिला. पेटी साधी महोगनीची, मांडीवर किंवा टेबलावर ठेवता येईल अशी. जवळजवळ पन्नास वर्षे ती त्यांच्या वापरात होती. १८२५ मध्ये त्यांनी ती नातजावयाला दिली, आणि देताना तिचा इतिहास स्वतःच्या हाताने कागदावर लिहून तो पेटीच्या लिहिण्याच्या फळीखाली चिकटवला. १८८० मध्ये त्या कुटुंबाने ती राष्ट्राला दिली आणि आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. तो कागद नसता तर ती एक जुनी पेटी ठरली असती. वस्तू देणाऱ्याने चार ओळी लिहाव्यात, इतकेच करायचे असते. आणि नेमके तेवढेच बहुतेक घरांत राहून जाते.

आता ज्या भूमीवर ही शाळा साठ वर्षे उभी आहे, त्या भूमीकडे येऊ. बंगळुरू आणि मराठी यांचा संबंध कालपरवाचा नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी येथून पुढे तंजावरला गेले आणि तेथे भोसल्यांचे राज्य झाले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. म्हैसूर राज्याच्या जुन्या महसुली कारभारातही कन्नडबरोबर मराठीचा वापर होई. अर्थात दौत आणि कलमदान घेऊन बसलेला मराठी कारकून या भागाला परका नव्हता.

कर्नाटकाने लेखनसाहित्याला स्वतःची दोन मोठी देणी दिली. पहिले म्हणजे कडत. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप देऊन ते काळे करीत, वाळल्यावर त्याच्या घड्या घालीत आणि त्यावर मऊ दगडाच्या पांढऱ्या कांडीने लिहीत. चुकले तर पुसून पुन्हा लिहिता येई. शृंगेरी मठाचे हिशेब आणि व्यवहार अशा कडतांवर लिहून ठेवलेले आहेत. म्हणजे ही घडीची, गुंडाळून नेता येणारी पाटीच होती. त्या कांडीला कन्नडमध्ये ‘बळप’ म्हणतात आणि येथील मुले पाटीवरच्या पेन्सिलीलाही तोच शब्द वापरीत आली आहेत. सरकारी कचेरीतल्या फाइलीला आजही कन्नडमध्ये ‘कडत’ म्हणतात. मराठीने ‘दफ्तर’ सांभाळले, कन्नडने ‘कडत’ सांभाळले. दोन्ही भाषांनी वस्तू गेल्यावर शब्दाला आसरा दिला. या शाळेतील मुलांच्या कानांवर हे दोन्ही शब्द पडतात, हे त्यांचे भाग्य.

दुसरे देणे बिदरचे. बिदर हा मराठी आणि कन्नड दोन्ही बोलींचा सीमाप्रदेश. तेथील बिदरी काम जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर होते. ओतीव वस्तूवर नक्षी कोरायची, तीत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी नवसागर व बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती यांच्या उकळत्या पाण्यात ती बुडवायची. धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरी राहते. सुरया, हुक्क्याचे तळ, तबके यांच्याबरोबर कलमदानेही या कामात होत. काळ्या शाईच्या साधनाला काळ्या धातूवरची चांदीची वेल शोभून दिसे.

याखेरीज बंगळुरूत लष्करी छावणीमुळे आणखी एक परंपरा आली. १८०९ मध्ये येथे इंग्रजांची छावणी वसली. अधिकाऱ्यांची बदली सतत होत असे, म्हणून त्यांचे सामान सुटे करून बैलगाडीवर लादता येईल असे असे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, बाजूला आत बसणाऱ्या कड्या, उघडताच उतरती फळी होणारी आणि पोटात दौतीचे खण असणारी लेखनपेटी, ही त्याची ओळख. अशी मेजे आणि पेट्या पाहून येथील सुतारांनी शिसवी व सागवानी लाकडात तशाच घडवल्या. जुने बंगले पाडून त्या जागी इमारती उठल्या, तसे हे सामान जुन्या बाजारात आले. चिक्कपेठेजवळचा अव्हेन्यू रोड कागद, वह्या आणि जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. रविवारच्या बाजारात पाटी-पेन्सिलीपासून टंकलेखन यंत्रापर्यंत काहीही जमिनीवर पथारी मांडून विकायला येते. म्युझियम रोडवर टपालखात्याचे ‘संदेश’ हे संग्रहालय आहे. बंगळुरूपासून जवळच मुद्देनहळ्ळी येथे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे स्मारक आहे. विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, त्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि नंतर ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या चष्म्याबरोबर, पुस्तकांबरोबर तेथे त्यांची भेटपत्रे छापण्याचा ठसाही ठेवला आहे. एवढ्या मोठ्या अभियंत्याच्या आठवणीसाठी एवढी लहान वस्तूही राखली गेली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ज्यांना असा संग्रह करावासा वाटेल त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

वस्तू खरोखर जुनी आहे की जुनी दाखवली आहे, हे डोळ्यांनी बरेचसे कळते. हाताने केलेल्या खणाच्या सांध्यातील दाते एकसारखे नसतात. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार. टोकदार मळसूत्री खिळे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. जेथे हात लागतो तेथेच झीज असावी. खणाच्या कडेला, फळीच्या पुढच्या काठाला. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती बहुधा कारागिराने मुद्दाम आणलेली. शाईचा डाग दौतीच्या खणाभोवती असतो, पायावर नसतो.

मिळालेली वस्तू लगेच घासूनपुसून चकचकीत करू नये. पितळी दौतीला चिंच लावून दर दिवाळीला घासले की तिची कोरीव नक्षी वर्षागणिक पुसट होते. बिदरी वस्तूला तर आंबट पदार्थाचा स्पर्शही नको. काळा रंग उतरतो. मऊ कापडाने पुसून चमचाभर खोबरेल तेलाचा हात पुरतो. दौतीत वाळलेली शाई धुऊन टाकू नये. तीच तिच्या वापराचा पुरावा. लाकडावर नवे पॉलिश चढवण्यापूर्वी दहादा विचार करावा. मेजाखाली ताजा भुसा पडलेला दिसला तर किडा जिवंत आहे असे समजून ते इतर सामानापासून दूर ठेवावे. जुना कागद चिकटपट्टीने जोडू नये, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करू नये. काजळीची शाई फिकी पडत नाही पण पाण्याने पसरते. हिराकसाची शाई कालांतराने कागदालाच खाते. म्हणून ओलावा आणि ऊन दोन्हींपासून कागद दूर ठेवणे हेच खरे औषध.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते ‘पुरावस्तू’ या सदरात येतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. हस्तिदंताच्या वस्तूंचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. देवळातून, मठातून किंवा कचेरीतून बाहेर पडलेली वस्तू कशी आली, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. घाईत, गुपचूप आणि स्वस्तात मिळणारी वस्तू पुष्कळदा कोणाच्या तरी देवघरातून गेलेली असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम नोंदीचे. वस्तूचे नाव, माप, लाकूड किंवा धातू, कोणी दिली, कोणत्या गावी व घरी होती, कोण वापरीत असे, कधी मिळाली, आज स्थिती काय. एवढे एका वहीत लिहावे, क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधून वस्तूला द्यावा. छायाचित्र काढावे. वस्तूवर शाईने किंवा रंगाने क्रमांक लिहू नये. हे काम एका मेजावर, एका वहीत, एका शालेय विद्यार्थ्यालाही करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, सातत्य लागते.

या सर्व विवेचनाचा शेवट शाळेशीच येऊन भिडतो. साठ वर्षांच्या शाळेत जपण्यासारखे काय असते? दौत ठेवण्याचे भोक असलेले जुने बाक, ज्या भोकात आज मुले पेन्सिलीचे तासलेले कण टाकतात. पितळी घंटा. लाकडी फळा, डस्टर आणि भिंतीवरचे नकाशे. जनरल रजिस्टरातील पहिली नावे, पहिली हजेरीपत्रके, स्टेन्सिलवर काढलेल्या प्रश्नपत्रिका. महोत्सवासाठी इमारतीला रंग लागतो, नवे बाक येतात आणि जुने एका ट्रकमध्ये बसून जातात. ते जाण्याआधी निदान एक बाक, एक हजेरीपत्रक आणि एक घंटा नोंद करून बाजूला काढावी; आज बाजूला काढली तर शाळेच्या शताब्दीला ती कामी येईल. शाळेच्या एका खोलीत असा संग्रह ठेवता आला, तर इतिहासाच्या तासाला मुलांना पुस्तकाबाहेर नेण्याची गरजच उरणार नाही.

पालकांकडे याहून मोठी ठेव आहे. या नगरातील मराठी घरांचे मूळ निरनिराळे. काहींचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आले आणि त्यांची मराठी कन्नडच्या सहवासात वेगळी घडली. सांगली-साताऱ्याकडून सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या पेढ्यांवरचे लहान तराजू, वजने आणि हिशेबाच्या वह्या आहेत. नोकरीसाठी आलेल्यांनी आजोबांचे फाउंटन पेन, पणजोबांचा मोडीतला कागद, आईच्या शाळेतली पाटी बरोबर आणली असेल. अनेक घरांत असा कागद असतो की जो कोणालाच वाचता येत नाही, म्हणून फेकवत नाही आणि म्हणूनच कधीतरी फेकला जातो. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात होती. आज ती वाचणारे थोडे उरले. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी, असे मानू नये. वाचणारा उद्या मिळेल. कागद गेला तर वाचणाऱ्याचा उपयोग नाही.

घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपाशी यंदाच्या सुटीत मुलांनी बसावे. एक जुनी लेखनवस्तू समोर ठेवावी. पेन, दौत, पेटी, पाटी, काहीही. ती कोणाची, कोठली, तिने काय लिहिले गेले, हे विचारावे आणि आपल्या अक्षरात चार ओळी लिहून वस्तूबरोबर ठेवाव्यात. आजी सांगेल त्यातले काही तारखांशी जुळणार नाही. तरी ते तिच्या शब्दांत लिहावे आणि खाली लिहिल्याचा दिनांक घालावा. केळकरांनी एका आयुष्यात वीस हजारांचा संग्रह उभा केला. या शाळेतील प्रत्येक मुलाने एकाच वस्तूची नोंद केली, तरी कर्नाटकातील मराठी घरांचा एक छोटासा इतिहास तयार होईल, आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नसेल.

प्रदर्शनातील दौती आज कोरड्या आहेत. त्यांच्याशेजारी एक कोरी नोंदवही आणि एक शाईचे पेन ठेवले आहे. पाहुण्यांनी वस्तू पाहाव्यात, आणि आपल्या घरी अशी कोणती वस्तू आहे ते जाण्यापूर्वी त्या वहीत लिहून जावे, एवढी नम्र विनंती.